मुष्टियुद्धाची बदनामी

गेल्या पावसाळ्यात आमच्या युनियनच्या कचेरीत एक बाई आल्या. नवरा सूतगिरणीत, थोरला मुलगा सतरा वर्षांचा. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चार शब्द सांगा त्याला. बॉक्सिंग शिकायला जातो. गुंडांचा धंदा तो! कुस्ती केली असती तर पोटाला चिमटा घेऊन दुधाचा रतीब लावला असता." मी मुलाला बोलावून घेतले. त्याच्याशी बोलताना माझ्या ध्यानात आले, की बाई जे म्हणाल्या तेच मलाही लहानपणापासून वाटत आले आहे. आणि ते का वाटते याची चौकशी मी कधी केलेली नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. त्याच बाकावर पुन्हा जाऊन बसलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आजच्या मुष्टियुद्धाचे माहेर इंग्लंड. जॅक ब्रॉटन याने १७४३ साली त्याचे पहिले लेखी नियम केले. त्या काळी उघड्या मुठींनी लढत आणि एक जण उठू शकेनासा झाला म्हणजे लढत संपे. लढणारे कोण? हमाल, खाटीक, नावाडी, गवंडी. पैजा लावणारे कोण? सरदार, जमीनदार आणि त्यांचे चिरंजीव. एकोणिसाव्या शतकात कायद्याच्या लेखी हा प्रकार गुन्हा ठरत असे. म्हणून आखाडा मुद्दाम दोन जिल्ह्यांच्या सीमेजवळ आखीत, म्हणजे या बाजूचे पोलीस आले की त्या बाजूला पळता यावे. १८६० साली फार्नबरो येथे टॉम सेयर्स हा गवंडी अमेरिकेच्या हीननशी दोन तासांहून अधिक लढला आणि अखेर गोंधळात ती लढत बरोबरीतच सोडून द्यावी लागली. जमलेल्यांत बड्या घरचे लोक कमी नव्हते. तरीही 'गुंडांचा खेळ' हे नाव पडले ते गवंड्याच्या वाट्याला. थैली धरणाऱ्याला कोणी गुंड म्हटले नाही. गिरणीतल्या अपघातानंतर 'कामगार निष्काळजी होता' असा शेरा मी इतक्या वेळा वाचला आहे, की हे वाचताना मला मुळीच नवल वाटले नाही.

पुढे १८६७ साली क्वीन्सबरीच्या मार्क्विसच्या नावाने नवे नियम निघाले. ते लिहिले होते जॉन ग्रॅहम चेंबर्स याने. नाव तेवढे मार्क्विसचे. हातमोजे आले, तीन मिनिटांची फेरी व एक मिनिट विसावा आला, पडलेल्यास उठायला दहा आकडे मोजण्याची मुदत आली. हातमोज्यांमुळे खेळ सौम्य झाला असा सर्वसाधारण समज आहे. पण जरा विचार करा. उघड्या मुठीने कवटीवर जोरात मारले तर मारणाऱ्याचीच बोटे मोडतात. हातमोजा घातला म्हणजे डोक्यावर पुन्हापुन्हा मारता येते. मोजा जपतो तो हात. डोक्याचे काय होते ते हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टराने १९२८ साली लिहिले: पाय लडबडणे, बुद्धी मंदावणे. कापूस पिंजणाऱ्याच्या छातीत जसा कापूस साठतो, तसा या धंद्यात मार साठतो. हा भाग मी झाकून ठेवणार नाही. बाईंची भीती खोटी नव्हती.

आता या धंद्यात कोण येतो ते पाहू. १९५२ साली वाइनबर्ग व आरंड या दोघा समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील मुष्टियोद्ध्यांची पाहणी प्रसिद्ध केली. १९०९ च्या सुमारास संख्येने आयरिश पहिले होते; १९२८ मध्ये ज्यू; १९३६ मध्ये इटालियन; १९४८ मध्ये कृष्णवर्णीय. शहरात नव्याने आलेला, गलिच्छ वस्तीत राहणारा जो समाज, त्याची मुले या आखाड्यात उतरतात. त्या समाजाला दुकान, नोकरी, शिक्षण मिळाले की पोरे बाहेर पडतात आणि मागून आलेला दुसरा समाज त्यांची जागा घेतो. आमच्या भाषेत सांगायचे तर बदली कामगारांची ही रांग आहे. रक्तात मारामारी असते वगैरे गोष्टी सांगणाऱ्यांनी ही रांग पाहावी.

पण रांगेतल्या सर्वांना एकच दार नव्हते. जॉन सलिव्हन या गोऱ्या विजेत्याने कृष्णवर्णीयाशी लढणार नाही असे उघड सांगितले होते, आणि ते पुष्कळांना रीतीचे वाटले. टेक्ससच्या गॅल्व्हस्टनचा जॅक जॉन्सन १९०८ साली सिडनीला जगज्जेता झाला, तेव्हा गोऱ्यांनी निवृत्त झालेल्या जेफ्रीजला परत आणले. १९१० च्या ४ जुलैला रीनो येथे पंधराव्या फेरीत जेफ्रीज कोसळला. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली उसळल्या आणि काही कृष्णवर्णीयांचे प्राण गेले. १९१२ साली लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यास बंदी करणारा कायदाच झाला. खुद्द जॉन्सनला १९१३ साली एका गोऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधावरून शिक्षा झाली. तिची माफी त्याला २०१८ साली मिळाली. तो १९४६ सालीच वारला होता.

इंग्लंडने यावरून आपला धडा घेतला. १९११ साली लंडनमध्ये ठरलेली जॉन्सनची लढत गृहमंत्री चर्चिल यांनी होऊ दिली नाही. साम्राज्यातल्या काळ्या प्रजेने गोरा माणूस लोळताना पाहू नये, ही चिंता त्या वेळी उघड बोलली जात होती. त्या प्रजेत आपणही होतो, मंडळी! तेव्हापासून १९४८ पर्यंत ब्रिटिश विजेतेपदासाठी लढणाऱ्याचे आईबाप दोघेही गोरे असावे लागत.

या नियमाखाली चिरडलेला एक माणूस म्हणजे मँचेस्टरचा लेन जॉन्सन. जन्म १९०२ चा. बाप सिएरा लिओनहून आलेला खलाशी, आई आयरिश वंशाची. हा जत्रेतल्या तंबूत मुष्टियुद्ध शिकला. १९२७ साली त्याने लेन हार्वेला हरवले. हार्वे १९२९ साली देशाचा विजेता झाला; जॉन्सनला त्या पदासाठी लढूच दिले नाही. हरला असता तर समाधान होते. याला हरण्याचीही परवानगी नव्हती. १९३३ साली त्याने हातमोजे ठेवले. पुढे गाड्या हाकल्या, कम्युनिस्ट पक्षात गेला, नगरपालिकेच्या निवडणुकीला पुन्हापुन्हा उभा राहिला आणि प्रत्येक वेळी पडला. १९४५ साली मँचेस्टरला भरलेल्या पाचव्या अखिल आफ्रिकी परिषदेलाही तो होता.

मला त्याची सर्वांत आवडलेली लढत १९५३ सालची. एका दारूच्या गुत्त्यात तो मित्रांसह गेला असता मालकाने काळ्या माणसाला पेय देण्याचे नाकारले. जॉन्सनची मूठ अजून जड होती. एका ठोशात मालक आडवा झाला असता. त्याने तसे काही केले नाही. माणसे गोळा केली, महापौरांपर्यंत आणि बिशपपर्यंत गाऱ्हाणे नेले, गुत्त्यासमोर मोठा जमाव उभा केला. बंदी उठली, आणि त्याच मालकाने त्याला आत बोलावून पेला भरून दिला. घेरावाचे आमचे कित्येक अनुभव आहेत, पण इतक्या नेमक्या मागणीचा आणि इतक्या चोख निकालाचा मला आठवत नाही.

आईबापांच्या रंगाची अट गेल्यावर १९४८ साली बर्मिंगहॅम येथे डिक टर्पिन हा पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश विजेता झाला. लेन जॉन्सन तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता.

बाईंना मी यातले थोडेसेच सांगितले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "भाऊ, ते सगळे खरे. पण डोक्याला लागले तर?" याला माझ्यापाशी पुरे उत्तर नव्हते. मुलगा अजून जातो. डोक्यावर जोराचा ठोसा बसला तर त्याच दिवशी घरी सांगायचे आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत तिकडे फिरकायचे नाही, एवढे वचन आईने त्याच्याकडून घेतले आहे. दुधाचा रतीबही लावला आहे.