मधोमध अंधार

अर्धवाहक लेझरची पट्टी जेमतेम काही मायक्रॉन रुंद असते. तिच्यातून फार शक्ती काढायला जावे, तर स्फटिकाच्या कडेचा आरसाच जळतो. मग एकाच चिपवर अशा अनेक पट्ट्या, एकीचा प्रकाश दुसरीत झिरपेल इतक्या जवळ, मांडल्या तर? १९७८ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात सिफ्रेस, बर्नहॅम आणि स्ट्रायफर यांनी हेच केले. हिशेब भुरळ घालणारा होता: दहा पट्ट्यांच्या लाटा एका तालात चालल्या, तर शक्ती दसपट, पण झोताच्या मध्यावर तीव्रता शंभरपट.

पुढे अशा रांगा जागोजाग बनल्या. पट्ट्या जुळत, पण बहुतेकदा भलत्याच रीतीने. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पाहावे तर मधोमध अंधार आणि दोन बाजूंना दोन ठिपके! दोन पट्ट्यांमधल्या जागेला वीज मिळत नाही, आणि तिथले गॅलियम आर्सेनाइड प्रकाश गिळते. शेजारच्या लाटा परस्परविरुद्ध असल्या की त्या जागी बेरीज शून्य. गिळायला काही उरतच नाही. लेझर कमी नुकसानीची वाट धरतो. ती आपल्या कामाची नसते, एवढेच.

दुसरी खोड १९८८ मध्ये हर्बर्ट विन्फुल यांच्या गणिताने उघडकीला आणली. प्रकाश कमी-जास्त झाला की इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते, तिच्यासोबत अपवर्तनांक आणि त्यामुळे वारंवारता. एकीची चमक वाढली की तिचा सूर ढळतो आणि शेजारणीलाही ढळवतो. रांग अतिजलद स्पंदनांत उसळू लागते, कधी पार बेबंद होते. साधा शक्तिमापक सरासरी दाखवतो, म्हणून आकडा निवांत दिसतो. अतिजलद बदल टिपणारा स्ट्रीक कॅमेरा लावला की बिंग फुटते.

उपायांमध्ये सगळ्यात देखणा, माझ्या मते, डॅन बोटेझ आणि ल्यूक मॉस्ट यांचा. प्रकाश पट्टीत कोंडण्याऐवजी त्यांनी तो बाजूला गळू दिला. मधल्या जागेचा अपवर्तनांक पट्टीपेक्षा जास्त ठेवला आणि तिच्यात गळणाऱ्या लाटेचे विषम संख्येने अर्धे भाग बरोबर बसतील अशी रुंदी निवडली. मग प्रत्येक पट्टी फक्त शेजारणीशी नव्हे, सगळ्या रांगेशी बांधली जाते.

बाजाराने बराचसा हा खटाटोप टाळला. दुसऱ्या लेझरला पंप करणाऱ्या, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या, सेंटिमीटरभर लांबीच्या बारमधले लेझर सहसा आपापल्या मर्जीने चालतात, आणि तेवढ्यावर भागते. दूरवर बारीक ठिपका हवा असेल तिथे भागत नाही. क्योटो विद्यापीठातल्या सुसुमु नोदा यांच्या गटाने तर सुट्या पट्ट्याच मोडीत काढल्या: फोटॉनिक स्फटिकाचा, ३ मिलिमीटर व्यासाचा एकच लेझर. २०२३ मध्ये त्यातून सलग ५० वॅट मिळाले, झोताचा फैलाव अवघा ०.०५ अंश.