शाळेत सापडलेली गोचीड

अमेरिकेच्या ईशान्य भागात मे-जून उजाडला की शाळेतल्या नर्सच्या खोलीत गोचीड चिकटलेली मुले येऊ लागतात. कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क या राज्यांत पुष्कळ शाळांची मैदाने थेट रानाला लागून असतात आणि त्या रानात हरणे, उंदीर यांना तोटा नसतो. काळ्या पायांची गोचीड याच प्राण्यांच्या रक्तावर वाढते. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती अर्धवट वाढलेली, जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. तिचा दंश दुखत नाही, त्यामुळे मुलाला पत्ता लागत नाही आणि मोठ्यांना तो अंगावरचा तीळ वाटतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर्ण वाढलेल्या गोचिडींचा दुसरा हंगाम येतो.

भीती असते ती लाइम रोगाची. कनेक्टिकटमधल्या लाइम या गावात १९७५च्या सुमारास लहान मुलांचे सांधे सुजू लागले. पॉली मरे या तिथल्या आईने पाठपुरावा सोडला नाही, म्हणून येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन स्टीअर यांनी तपास हाती घेतला. पुढे विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू सापडला आणि १९८२मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर या रोगाचे उपचार होतात असा अंदाज आहे. शाळकरी वयाच्या मुलांत त्याचे प्रमाण बरेच आहे.

गोचीड काढणे हे काम अगदी साधे आहे. नर्स हातमोजे घालते, बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीला जितकी लगटून धरता येईल तितकी धरते आणि न पिळता, न हिसकता सरळ वर ओढते. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल, तर तो उकरत बसायचे नाही. कातडी त्याला हळूहळू बाहेर टाकते. नंतर साबण-पाण्याने किंवा स्पिरिटने जागा पुसली की झाले. व्हॅसलीन, नखांचे पॉलिश, पेटती काडी हे घरगुती उपाय वेळ खातात आणि डिवचलेली गोचीड जंतुमिश्रित द्रव उलट जखमेत सोडू शकते.

हे सगळे दोन मिनिटांत आटोपते. नर्सचे खरे कसब त्यानंतर लागते. लाइमचा जिवाणू अंगात उतरायला गोचीड साधारण २४ तासांहून जास्त वेळ चिकटलेली असावी लागते. म्हणून नर्स नीट बघते, की ती चपटी आहे की रक्त पिऊन टम्म फुगलेली? मूल रानात कधी गेले होते? चपटी असेल तर काळजी बरीच कमी. केसांत, कानामागे, काखेत, गुडघ्याच्या खोबणीत आणखी कुठे चिकटली आहे का, तेही पाहिले जाते. कपड्यांआडच्या नाजूक जागा तपासायचे काम मात्र पालकांवर सोपवतात.

काही शाळांत पालकांना विचारल्याशिवाय गोचिडीला हात लावायचा नाही, असा नियम असतो. कागदोपत्री तो सुरक्षित असेल, पण जिथे तासांचा हिशेब आहे तिथे संध्याकाळपर्यंत गोचीड तशीच ठेवणे शहाणपणाचे नाही. रोगाचे निदान करणे किंवा औषध ठरवणे हे नर्सचे काम नव्हे. गोचीड काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देऊन रोग टाळता येऊ शकतो. तो द्यायचा का, हे डॉक्टर ठरवतात. काढलेली गोचीड प्रयोगशाळेत तपासून उपचार ठरवू नयेत, असा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

म्हणूनच पालकांच्या हाती दिली जाणारी चिठ्ठी महत्त्वाची. तीत तारीख, दंशाची जागा, गोचिडीची अवस्था आणि पुढचे ३० दिवस काय पाहायचे ते लिहिलेले असते. दंशानंतर लगेच उठणारी लहानशी लाली बहुधा साधी ॲलर्जी असते. ३ ते ३० दिवसांत उमटून पसरत जाणारा चट्टा, ताप, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा सुजलेला गुडघा दिसला तर डॉक्टर गाठायचा. लागण झालेल्यांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के लोकांत हा चट्टा दिसतो. उरलेल्यांच्या बाबतीत दंशाची नोंदच डॉक्टरांना वाट दाखवते.

कोकण-गोव्यात गोचिडीचा धोका वेगळा आहे. कर्नाटकात १९५७मध्ये ओळखला गेलेला माकडताप २०१५मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात फैलावला. तो विषाणूमुळे होतो, त्यामुळे डॉक्सिसायक्लिनचा तिथे उपयोग नाही. गोचीड काढण्याची रीत मात्र तीच. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नर्स नसते. चिमटा शिक्षकाच्या किंवा आईच्या हाती असतो. काजूच्या बागेत किंवा जंगलात जाऊन आलेल्या मुलाला आठवड्याभरात थंडी वाजून जोराचा ताप भरला, डोके आणि अंग ठणकू लागले, तर गोचीड चावल्याचे आरोग्य केंद्रात आधी सांगायचे, म्हणजे रक्ताची योग्य ती तपासणी वेळेत होते.