बेंबी सरकली की अपेंडिक्स?

नांदेड-धर्माबादकडची आपली मंडळी मुलांच्या अक्षराभ्यासासाठी बासरला जातात. प्रवासात पोर पोट धरून बसलं की आजीचं निदान ठरलेलं: बेंबी सरकली, चोळून घ्या! याचाच चिनी चुलतभाऊ म्हणजे 'ची नेई त्सांग'. मंतक चिया यांनी तो थायलंडमधून जगभर नेला. बेंबी काही सरकत नसते, पण चोळण्यात तथ्य आहे. मोठं आतडं उजवीकडून वर चढतं, आडवं जातं, डावीकडे उतरतं. त्याच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे हलकं चोळलं तर बद्धकोष्ठात आराम पडतो. (आम्हा इंजिनिअरांना पाइपलाइनची दिशा लगेच पटते.) मात्र दुखणंच बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं, ताप-उलटी आली, तर आजींना थांबवा. अपेंडिक्स असू शकतं. चोळू नका, तडक दवाखाना गाठा.