मुखपृष्ठावरची बाई

आजी वारली तेव्हा तिच्या ट्रंकेत, दोन इरकली लुगड्यांखाली, बायकांच्या मासिकांचे जुने अंक सुतळीने बांधून ठेवलेले सापडले. लुगडी काकूंकडे गेली, अंक माझ्याकडे आले. "तू मराठी शिकवतेस, तुलाच त्या रद्दीचा उपयोग," असा निवाडा झाला!

साऱ्या मुखपृष्ठांवर एकच बाई होती म्हणा ना! कधी हाती निरांजन, कधी फुलांची परडी, कधी कडेवर मूल. चेहरा मात्र तोच. गोरा, किंचित हसरा, नजर खाली. आत विणकामाला नि पाककृतींना ऐसपैस चौकटी, भोवती वेलबुट्टी. कायद्यावरचा लेख मात्र मागच्या पानांत, बारीक टाइपात, साबणाच्या जाहिरातीशेजारी अंग चोरून बसलेला. बाईने कुठे रेंगाळावे आणि कुठले पान उलटून जावे, हे मांडणीनेच सांगून टाकले होते.

आजीने ते ऐकले नव्हते. विणकामाची पाने तिने केव्हाच फाडून कुणाला तरी दिली होती. शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या त्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यावरील लेखावर. माहेरच्या इस्टेटीत तिने वाटा कधी मागितला नाही. पण 'मुलगी' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

हा दोष काही एका मासिकाचा नव्हे. आपल्या भाषेतच गाडा मोठा नि गाडी लहान, सुरा मोठा नि सुरी लहान! रंगांचे लिंगही असेच रूढीने ठरते. १९१८ साली अमेरिकेतल्या बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा नाजूक म्हणून मुलींना द्यावा, असा सल्ला दिला होता. पुढे सारे उलटले, आणि आज आपण गुलाबी रंग जणू उपजतच बायकांचा मानतो.

त्याच देशात १९७२ साली 'मिझ' मासिकाच्या पहिल्या अंकावर आपल्या देवीसारखी निळी, अष्टभुजा बाई झळकली. हातांत तवा, इस्त्री, टेलिफोन, टंकलेखनयंत्र, मोटारीचे चक्र, घड्याळ, आरसा नि पिसांचा झाडू; डोळ्यांत आसवे. देवीच्या हातांत शस्त्रे असतात, हिच्या हातांत कामे होती. एकाही लेखाची गरज भासू नये असे ते चित्र!

आपल्याकडे १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' काढले, १९८९ साली विद्या बाळांनी 'मिळून साऱ्याजणी'. मजकुराचे धाडस आपण पुष्कळ पाहिले. मांडणीचा जाब मात्र क्वचितच कुणी विचारतो.

मीही विचारला नव्हता. गेल्या आठ मार्चला आमच्या विद्यार्थिनींनी भित्तिपत्रक केले: गुलाबी कागद, चारी कोपऱ्यांत बांगड्या, मधोमध खाली पाहणारी एक सुंदरी. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीवर एकीने लिहिले होते. तो कागद खाली, टाचणीच्या आधाराने लोंबत होता. मी "छान" म्हणून सहीसुद्धा केली!

घरी आल्यावर आजीच्या त्या दोन रेघा आठवल्या. दुसऱ्या दिवशी ते पान वर्गात नेले. मुली बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एकीने विचारले, "मॅडम, मिळाला का हो आजींना वाटा?"

"नाही," मी म्हटले.

संध्याकाळपर्यंत तो लेख ठळक अक्षरांत मधोमध आला होता. कागद मात्र गुलाबीच राहिला. राहू द्या, रंगाचा काय दोष?