मंत्र्यांचं उत्तर, तुमच्या पोस्टवर

सिंगापूर

इथे फेसबुकवर सरकारवर टीका करणारी पोस्ट वाचताना कधीकधी वरच्या बाजूला एक मजकूर दिसतो: 'या पोस्टमध्ये खोटं विधान आहे, खरी वस्तुस्थिती सरकारच्या अमुक पानावर वाचा.' खाली मूळ पोस्ट जशीच्या तशी असते, एक शब्दही खोडलेला नसतो. गंमत म्हणजे हा मजकूर सरकारने येऊन लावलेला नसतो. ज्याने पोस्ट लिहिली, त्यालाच तो लावावा लागतो. पाणी येत नाही म्हणून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तुम्ही तक्रारीचा कागद लावलात आणि सेक्रेटरी म्हणाले, 'कागद राहू द्या, फक्त त्याच्या वर माझं उत्तर तुमच्याच अक्षरात लिहा', तर कसं वाटेल? सिंगापूरकर हे गेली काही वर्षं अनुभवत आहेत.

ज्या कायद्यामुळे हे घडतं त्याचं पूर्ण नाव लांबलचक आहे, पण आद्याक्षरांवरून बनलेलं 'पोफ्मा' हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. ८ मे २०१९ रोजी संसदेने तो ७२ विरुद्ध ९ मतांनी मंजूर केला. विरोधातली नऊही मतं विरोधी वर्कर्स पार्टीची होती. २ ऑक्टोबरपासून तो लागू झाला. एखादं ऑनलाइन विधान तथ्याबाबतचं आहे, ते खोटं आहे आणि त्याविरुद्ध पाऊल उचलणं लोकहिताचं आहे, असं कोणत्याही खात्याच्या मंत्र्याला वाटलं की तो आदेश काढू शकतो. आधी कोर्टात जावं लागत नाही. बहुतेक वेळा आदेश दुरुस्ती लावण्याचा असतो. मजकूर काढायला लावण्याचा किंवा तो इथल्या वाचकांपासून रोखण्याचा अधिकारही मंत्र्याला आहेच. देशाची सुरक्षा, सार्वजनिक आरोग्य, निवडणुका, समाजगटांमधलं वैर हे सगळं 'लोकहिता'त येतं. त्याच यादीत सरकारी यंत्रणेच्या कामावरचा जनतेचा विश्वास कमी होऊ न देणंही आहे. ते वाचताना भुवया उंचावतात. जाणूनबुजून घातक खोटं पसरवणाऱ्या व्यक्तीला ५०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, बनावट खाती वापरली तर दुप्पट. आदेश न पाळणाऱ्या कंपन्यांना दहा लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. मत, टीका, विडंबन यांना मात्र हा कायदा लागू नाही, असं तेव्हाचे कायदामंत्री के. षण्मुगम यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

सरकारची बाजू उडवून लावण्यासारखी नाही. साठ लाखांच्या या बेटावर नागरिक आणि कायम रहिवाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे आहेत, बाकीचे मलय, भारतीय आणि इतर. १९५० मध्ये मारिया हर्टोग या मुलीच्या ताब्याच्या खटल्यावरून दंगल पेटली, त्यात अठरा जण मेले. १९६४ मध्ये चिनी आणि मलय समाजांत दोनदा दंगली झाल्या. त्यातल्या पहिल्या दंगलीचा दिवस, २१ जुलै, शाळांमध्ये वांशिक सलोखा दिन म्हणून पाळला जातो. अफवेने माणसं मरतात, ही गोष्ट इथल्या राज्यकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मनात धरली आहे. जानेवारी २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेआधीच 'वुडलँड्स मेट्रो स्टेशन निर्जंतुकीकरणासाठी बंद केलंय' अशी पोस्ट फिरली. स्टेशन चालू होतं. आदेश निघाला, दुरुस्ती लागली, वाद संपला. अशा वेळी ही यंत्रणा चोख चालते, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावं.

पण कायद्याची सुरुवात स्टेशनपासून झाली नव्हती. पहिला आदेश निघाला २५ नोव्हेंबर २०१९ ला, विरोधी प्रोग्रेस सिंगापूर पार्टीचे ब्रॅड बॉयर यांना. टेमासेक आणि जीआयसी या सरकारी गुंतवणूक संस्थांच्या निर्णयांत सरकारचा हात असतो, असं त्यांनी सुचवलं होतं. बॉयर यांनी निमूटपणे दुरुस्ती लावली. मग पाळी आली ऑस्ट्रेलियात राहून 'स्टेट्स टाइम्स रिव्ह्यू' चालवणाऱ्या ॲलेक्स टॅन यांची. त्यांनी नकार दिला, तेव्हा फेसबुकने स्वतः सूचना लावली आणि पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये ते पान सिंगापूरमधून दिसेनासं झालं. डिसेंबर २०१९ मध्ये सिंगापूर डेमोक्रॅटिक पार्टीला आदेश गेला. त्यांनी उच्चशिक्षित स्थानिकांच्या नोकरकपातीबद्दल लिहिलं होतं. पहिले आदेश विरोधी नेते आणि सरकारचे टीकाकार यांनाच कसे गेले, असा प्रश्न संसदेत आला तेव्हा माहिती खात्याचे मंत्री एस. ईश्वरन यांनी त्याला योगायोग म्हटलं.

खरी अडचण वेगळीच आहे. माणसं बोलतात तेव्हा तथ्य आणि मत वेगवेगळ्या डब्यांत भरून बोलत नाहीत. 'सरकार परदेशी लोकांना झुकतं माप देतं' हे वाक्य घ्या. ते मत आहे की आकडेवारीने तपासण्याजोगा दावा? पोफ्माच्या आदेशात मंत्री आधी तुमच्या लिखाणातून एक विधान 'काढतो' आणि मग ते खोटं ठरवतो. अनेकदा लिहिणारा म्हणतो, 'असं मी म्हटलंच नव्हतं.' २०२० च्या निवडणुकीत याचा चांगला नमुना दिसला. संसर्गजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. पॉल तांब्या हे सिंगापूर डेमोक्रॅटिक पार्टीचे उमेदवार होते. मनुष्यबळ खात्याने मालकांना, मजुरांना करोना चाचणीसाठी आणू नका असं कळवलं होतं, असं ते एका कार्यक्रमात म्हणाले. खात्याचं म्हणणं, सूचना चाचणीबद्दल नव्हतीच. निकड नसताना धडधाकट मजुरांना रुग्णालयात पाठवू नका, एवढंच आम्ही सांगितलं होतं. मालकाने त्या पत्राचा अर्थ काय घ्यायचा, यावर दोन शहाणी माणसं तासभर भांडू शकतात. पण तांब्यांचं म्हणणं छापणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या काहींना दुरुस्ती लावावी लागली. त्यात सीएनए ही सरकारी गुंतवणूक संस्थेच्या मालकीची वाहिनीही होती. तिचा गुन्हा एवढाच, की तिने उमेदवाराचं बोलणं दाखवलं. निवडणूक काळात मंत्री स्वतः उमेदवार असतात, म्हणून हे अधिकार सचिव पातळीवरच्या अधिकाऱ्यांकडे जातात. पडद्यामागचा हात तेवढा बदलतो.

दाद मागता येते. आधी त्याच मंत्र्याकडे, आणि त्याने नकार दिला की हायकोर्टात. मुदती आणि फी मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. कोर्टात पोचल्यावर एक पेच उभा राहिला: विधान खोटं आहे हे सरकारने सिद्ध करायचं, की खरं आहे हे लिहिणाऱ्याने? २०२० मध्ये हायकोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी दोन वेगवेगळ्या प्रकरणांत परस्परविरोधी उत्तरं दिली. अखेर ८ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला. कायदा घटनेत बसतो, आणि आदेशाला आव्हान देणाऱ्यानेच त्याबद्दल शंका घेण्याजोगा आधार दाखवायला हवा. डेमोक्रॅटिक पार्टीला त्यात एका मर्यादित मुद्द्यावरच दिलासा मिळाला.

इथे मराठी वाचकाला मुंबई हायकोर्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये नियम करून केंद्राच्या कामाबद्दलचा खोटा मजकूर ओळखण्यासाठी तथ्यतपासणी कक्ष नेमायचं ठरवलं, तेव्हा विनोदकार कुणाल कामरा आणि इतर मुंबईत कोर्टात गेले. न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचं एकमत झालं नाही, म्हणून प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते नियम रद्द झाले. मूळ प्रश्न एकच होता, सरकारनेच स्वतःबद्दलचं खरंखोटं ठरवावं का? उत्तरं मात्र उलट आली. मला यात न्यायाधीशांच्या स्वभावापेक्षा दोन राज्यघटनांचा फरक जास्त दिसतो. भारतात भाषणस्वातंत्र्यावरचे निर्बंध वाजवी असावे लागतात आणि ते वाजवी आहेत का, हे कोर्ट तपासतं. सिंगापूरची घटना निर्बंध घालण्याबाबत संसदेला जे आवश्यक किंवा इष्ट वाटेल, त्याला बरीच मोकळीक देते.

भारताचा याहून थेट संबंधही एकदा आला. मे २०२१ मध्ये दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी सिंगापूरमध्ये करोनाचा नवा प्रकार आला आहे, तो मुलांना घातक आहे, विमानं बंद करा, असं ट्वीट केलं. सिंगापूरमध्ये त्या वेळी पसरत असलेला प्रकार मुळात भारतात पहिल्यांदा सापडलेला होता. सिंगापूरने भारताच्या उच्चायुक्तांना बोलावून नाराजी कळवली. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी दिल्लीचे मुख्यमंत्री भारताच्या वतीने बोलत नाहीत, असा खुलासा केला. आणि पोफ्माखाली फेसबुक, ट्विटर आणि एका चर्चास्थळाच्या मालक कंपनीला आदेश गेला, की सिंगापूरमधल्या सगळ्या वापरकर्त्यांना 'सिंगापूर व्हेरियंट' नावाचं काही नाही, हे दाखवा. दिल्लीतल्या एका ट्वीटचं उत्तर इथल्या लाखो फोनवर पोचलं.

मग लोक वाद घालत नाहीत का? भरपूर घालतात. पण एक सवय लागलेली दिसते. फेसबुकवर ठाम वाक्यांऐवजी प्रश्नचिन्हं वाढली आहेत. 'हे भाडं बाजारभावापेक्षा कमी आहे' असं लिहिण्यापेक्षा 'हे भाडं बाजारभावाने आहे का, कुणी सांगेल?' असं लिहिलं जातं. 'माझं वैयक्तिक मत' हे शब्द पोस्टच्या सुरुवातीला येतात, शेवटीही येतात. तथ्यं जपण्यासाठी केलेल्या कायद्याने लोकांना तथ्यं मांडण्यापासूनच थोडं लांब नेलं, असं मला वाटतं. मत सुरक्षित, आकडा धोक्याचा. आकडा देणाऱ्याला तो चुकला तर खुलासा चिकटतो, नुसता राग ओकणाऱ्याला काहीच होत नाही. आणि सरकारकडची आकडेवारी सरकारकडेच असल्यामुळे बाहेरचा माणूस कुठे ना कुठे चुकणारच.

इथल्या मराठी माणसाचं यात स्थान काय? गणपतीच्या आसपास जास्तच गजबजणारे आपल्या लोकांचे व्हॉट्सॲप गट असतात. तिथे शिंदे, ठाकरे, पवार यांच्यावरून रात्री उशिरापर्यंत खडाजंगी होते, पण सिंगापूरच्या राजकारणावर एक ओळ येत नाही. भाडं, मुलांच्या शाळा, दिवाळीच्या विमानतिकिटांचे दर, एवढंच. यात शहाणपण आहेच. हाँग लिम पार्कमधल्या 'स्पीकर्स कॉर्नर'वर परदेशी माणसाला बोलता येत नाही, आणि २०१७ पासून तर तिथल्या सभेला नुसतं जाऊन उभं राहण्यालाही मनाई आहे. पोफ्मा खाजगी गटांनाही लागू होतो. सिंगापूरमधल्या एकाच माणसापर्यंत संदेश पोचला, तरी तो कायद्याच्या कक्षेत येतो. सांगलीच्या काकांनी पाठवलेला 'सिंगापूरमध्ये म्हणे' असा फॉरवर्ड पुढे ढकलताना बोट थांबतं, ते त्यामुळेच. वर्क पासवर आलेल्याला नोकरी गमावण्याची भीती दंडापेक्षा मोठी असते.

नागरिकांना तेवढं घाबरून चालत नाही. जुलै २०२३ मध्ये देशाचे पहिले पंतप्रधान ली कुआन यू यांचे धाकटे चिरंजीव ली श्येन यांग यांनी दोन मंत्र्यांनी भाड्याने घेतलेल्या रिडआउट रोडवरच्या सरकारी बंगल्यांबद्दल पोस्ट लिहिली. मंत्री होते षण्मुगम आणि विवियन बालकृष्णन. आदेश काढायला सांगितलं कायदा खात्याचेच दुसरे मंत्री एडविन टाँग यांनी. पोस्टवर दुरुस्ती लागली, शिवाय दोन्ही मंत्र्यांनी अब्रुनुकसानीचा दावा केला आणि मे २०२४ मध्ये प्रत्येकाला दोन लाख डॉलर भरपाई मंजूर झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फाशीविरोधी कार्यकर्त्या कोकिला अण्णामलै यांनी त्यांच्या पोस्टवर दुरुस्ती लावायला जाहीर नकार दिला आणि त्यांच्यामागे चौकशी लागली. सहकारी मंत्र्यांवरचा आरोप खोटा आहे हे मंत्र्यानेच ठरवायचं, हा या व्यवस्थेचा सगळ्यात दुबळा सांधा आहे. आधी कोर्टाने ठरवावं, ही वर्कर्स पार्टीची २०१९ पासूनची मागणी आहे. कोर्ट वेळ घेतं, अफवा थांबत नाही, हे सरकारचं उत्तर. मेट्रो स्टेशनच्या बाबतीत ते पटतं, बंगल्यांच्या बाबतीत पटत नाही. बंगल्यांबद्दल निकाल लागायला महिनाभर गेला असता तरी दंगल पेटली नसती.

निवडणुकीसाठी सरकारने पुढची पावलंही टाकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये उमेदवारांच्या बनावट चित्रफितींवर बंदी घालणारा कायदा झाला. एप्रिल २०२५ मध्ये, मतदानाच्या आठवडाभर आधी, मलेशियातल्या पास पक्षाच्या दोन नेत्यांच्या आणि एका माजी सिंगापूरकराच्या पोस्ट इथल्या वाचकांपासून रोखायला मेटाला सांगण्यात आलं. मलय मतदारांना धर्माच्या नावावर हाक मारली जातेय, असं सरकारचं कारण होतं. यावर इथल्या विरोधकांनीही सरकारशी भांडण काढलं नाही.

खोट्याचा हिशोब संसदेतही घेतला गेला. वर्कर्स पार्टीच्या रईसा खान संसदेत खोटं बोलल्या, ते उघड झालं आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या समितीपुढे खोटं बोलल्याबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्याच पक्षाचे, तेव्हाचे विरोधी पक्षनेते प्रीतम सिंग यांना कोर्टाने दोषी ठरवलं आणि दंड केला. लगेच मे महिन्यात निवडणूक झाली. सत्ताधारी पीपल्स ॲक्शन पार्टीची मतं ६१ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांपलीकडे गेली, आणि वर्कर्स पार्टीने आपल्या दहाही जागा राखल्या. लोकांनी सत्ताधाऱ्यांवर विश्वास टाकला की त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांवर, यावर कॉपीटियममध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या दुकानांत, अजून वाद चालतो. ते मत असल्यामुळे त्याला पोफ्मा लागत नाही.