दोन मीटर अंतरावरची बेटे

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे 1,000 किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेला गालापागोस हा ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह 1832 पासून इक्वेडोर या देशाच्या ताब्यात असून, तेथील वन्यजीव पाहण्यासाठी जाणारे अनेक प्रवासी आठवडाभर एखाद्या लहान यॉटवर मुक्काम करून एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे जातात. यॉट म्हटले की श्रीमंती, स्वैरपणा आणि मनात येईल तेथे नांगर टाकण्याची मुभा यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. गालापागोसमधील यॉटच्या वाट्याला यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी मुळीच येत नाहीत. ती कोणत्या दिवशी, कोणत्या बेटाच्या कोणत्या किनाऱ्याला लागेल हे राष्ट्रीय उद्यानाच्या प्रशासनाने आधीच ठरवून दिलेले असते. काही अपवाद सोडले तर एकदा भेट दिलेल्या स्थळी तीच नौका 14 दिवसांच्या आत पुन्हा जाऊ शकत नाही. आणि दर 16 प्रवाशांमागे एक परवानाधारक निसर्ग-मार्गदर्शक सोबत असल्याखेरीज उद्यानाच्या बेटांवर पाऊल ठेवता येत नाही. बहुसंख्य यॉट नेमक्या 16 प्रवाशांच्या असतात त्याचे कारण हेच, आणि मोठ्यात मोठ्या जहाजालाही 100 हून अधिक प्रवासी नेता येत नाहीत. इतकी शिस्त कशासाठी, हे कळण्यासाठी आधी ही बेटे कशी घडली आणि त्यांवर कोण पोहोचू शकले, हे पाहावे लागते.

पृथ्वीच्या कवचाखाली काही ठिकाणी अतितप्त द्रव्याचा प्रवाह खोलवरून सतत वर येत राहतो; अशा ठिकाणाला भूशास्त्रज्ञ हॉटस्पॉट म्हणतात. गालापागोसच्या खाली असा एक हॉटस्पॉट असून त्यावरून नाझ्का नावाचा भूपट्ट, म्हणजे कवचाचा एक विशाल तुकडा, दरवर्षी काही सेंटिमीटर या गतीने पूर्वेकडे सरकत आहे. त्यामुळे पश्चिमेला नवी बेटे जन्म घेतात, पूर्वेकडे वाहून नेली जातात, थंड होतात, झिजतात आणि अखेर समुद्रात बुडतात. पश्चिम टोकाचे फर्नांडिना हे बेट भूशास्त्रीय मापाने अगदी कोवळे असून त्यावरील ला कुंब्रे या ज्वालामुखीचा उद्रेक मार्च 2024 मध्येही झाला. त्याच्या शेजारचे इसाबेला हे बेट सहा ज्वालामुखी एकमेकांना जुळून बनले आहे आणि द्वीपसमूहाच्या निम्म्याहून अधिक भूभाग त्या एकट्याने व्यापला आहे. तर पूर्वेकडील एस्पान्योला आणि सान क्रिस्तोबाल यांचे वय काही दशलक्ष वर्षांत मोजले जाते. महाराष्ट्रातील वाचकाला ही प्रक्रिया परकी वाटण्याचे कारण नाही, कारण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला आणि सह्याद्रीचा काळा कातळ झालेला लाव्हा अशाच एका हॉटस्पॉटमधून आला आणि तो हॉटस्पॉट आज हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटाखाली आहे, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. सँतियागो बेटावरील सुलिव्हन उपसागरात उतरणाऱ्या प्रवाशाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा दोरखंडाच्या वेटोळ्यांसारखा पायाखाली दिसतो आणि त्याच्या भेगांतून नुकत्याच रुजू लागलेल्या वनस्पती दिसतात. सह्याद्रीवर ज्या अवस्थेचा मागमूसही उरलेला नाही ती तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

ही बेटे मुख्य भूमीला कधीच जोडलेली नव्हती. तेथे जे पोहोचले ते उडत, पोहत, वाऱ्यावर किंवा नद्यांच्या पुरांतून समुद्रात वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून पोहोचले, आणि अशा प्रवासात दीर्घकाळ अन्नपाण्यावाचून तग धरणे सरपटणाऱ्या प्राण्यांना जमले, मोठ्या सस्तन प्राण्यांना जमले नाही. परिणामी काही जातींचे उंदीर आणि वटवाघळे वगळता मूळच्या भूचर सस्तन प्राण्यांचा तेथे अभाव आहे, आणि जमिनीवर शिकार करणारा मांजर, कोल्हा किंवा मुंगसासारखा प्राणी नसल्याने तेथील पशुपक्ष्यांत भयाची ती सहजप्रवृत्तीच फारशी टिकली नाही. वाटेवरच घरटे करून बसलेला निळ्या पायांचा बूबी हा समुद्रपक्षी माणसाला पाहून उठत नाही, समुद्रसिंहांची पिले धक्क्यावरच्या बाकांवर झोपतात, आणि मॉकिंगबर्ड प्रवाशाच्या पाण्याच्या बाटलीकडे चौकसपणे येतो. प्राण्यापासून निदान दोन मीटर अंतर ठेवावे हा उद्यानाचा नियम अशा ठिकाणी पाळणे वाटते त्याहून अवघड असते, कारण पुष्कळदा अंतर मोडणारा पक्षच दुसरा असतो. भारतीय अभयारण्यांत दुर्बीण लावून तासन् तास वाट पाहण्याची सवय असलेल्या निरीक्षकाला येथे वेगळेच संयमाचे शिक्षण घ्यावे लागते.

विषुववृत्तावर पेंग्विन कसे, या प्रश्नाचे उत्तर समुद्रात आहे. दक्षिणेकडून येणारा हंबोल्ट हा थंड प्रवाह, उत्तरेकडून येणारे उष्ण पाणी आणि पश्चिमेकडून विषुववृत्ताच्या रेषेत पृष्ठभागाखालून वाहत येणारा क्रॉमवेल प्रवाह असे तीन प्रवाह येथे एकत्र येतात. यांतील तिसरा प्रवाह फर्नांडिना व इसाबेला यांच्या पाण्याखालील उतारांवर आदळून खोलवरचे गार, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर आणतो. त्यामुळे माशांची रेलचेल होते, आणि म्हणून पेंग्विनांची बहुतांश संख्या तसेच उडण्याची शक्ती गमावलेला पाणकावळा याच दोन बेटांच्या किनाऱ्यांवर आढळतो. कोकणातल्या खाड्यांवर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. गालापागोसचा पाणकावळाही पोहून आल्यावर तसेच पंख पसरतो, फक्त त्याचे पंख उडण्यास लागणाऱ्या आकाराच्या जेमतेम एक तृतीयांश उरले आहेत. समुद्री इग्वाना हा जगातील एकमेव सरडा असा की जो आपले अन्न, म्हणजे शेवाळ, समुद्रातून मिळवतो, आणि जादा मीठ नाकपुड्यांतून फवाऱ्यासारखे उडवून टाकतो. दर काही वर्षांनी येणाऱ्या एल निन्योच्या काळात पाणी तापून शेवाळ घटते, तेव्हा या इग्वानांचे शरीर लांबीतसुद्धा आखूड होते, काहींचे तर एक पंचमांशापर्यंत. प्रौढ कणाधारी प्राणी असा आखडून पुन्हा वाढतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या मोजमापांवरून सिद्ध झाले. पेंग्विनांना ही लवचिकता नाही: 1982-83 च्या एल निन्योत त्यांची संख्या तीन चतुर्थांशांहून अधिक घटली.

सफरीचे वेळापत्रक या भूगोलानेच घडवले आहे. द्वीपसमूहाची सुमारे 97 टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि वस्ती सान क्रिस्तोबाल, सांता क्रूझ, इसाबेला व फ्लोरेआना या चारच बेटांच्या ठरावीक भागांत आहे, म्हणून उरलेल्या बेटांवर मुक्काम करायचा तर नौकाच निवासस्थान होते. दूरचे अंतर रात्री कापले जाते. पहाटे नांगर पडतो. पंगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हवा भरलेल्या रबरी होडीतून प्रवासी किनाऱ्याकडे जातात आणि जागेप्रमाणे कोरडे उतरतात, म्हणजे खडकावर पाय देऊन, किंवा ओले उतरतात, म्हणजे गुडघाभर पाण्यात. आखून दिलेल्या पायवाटेच्या बाहेर जाता येत नाही, काही खाता येत नाही, शिंपला किंवा दगडही उचलता येत नाही, आणि नौकेवर परतताना बुटांना चिकटलेली वाळू व बिया धुवून टाकल्या जातात, कारण एका बेटावरचे बी दुसऱ्या बेटावर परकेच ठरते. एका आठवड्यात सारा द्वीपसमूह पाहून होत नाही. पश्चिमेचा मार्ग घेतला तर कोवळा लाव्हा, पेंग्विन आणि पाणकावळे दिसतात. ईशान्येचे हेनोवेसा बेट म्हणजे समुद्र आत शिरलेले ज्वालामुखीचे कुंड असून तेथे लाल पायांचे बूबी व गळ्याची लाल पिशवी फुगवणारे फ्रिगेट पक्षी यांची दाटी असते. आग्नेयेच्या एस्पान्योलावर लहरी खुणांचा अल्बट्रॉस साधारण एप्रिल ते डिसेंबर या काळात विणीसाठी येतो आणि या पक्ष्याची जवळजवळ सारी जगातली वीण त्याच एका बेटावर होते. जून ते नोव्हेंबरमध्ये समुद्र गार व खवळलेला आणि आकाश धुक्याने भरलेले असते, तर डिसेंबर ते मे हा उष्ण व पावसाचा हंगाम असतो. प्रवास कधी करावा याला एक उत्तर नाही, कोणता प्राणी पाहायचा यावर ते ठरते.

चार्ल्स डार्विनचे नाव या बेटांशी इतके जोडले गेले आहे की त्याने तेथे फिंच पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि उत्क्रांतीचा सिद्धान्त सुचला, असे सर्रास सांगितले जाते. सप्टेंबर-ऑक्टोबर 1835 मध्ये बीगल हे जहाज पाच आठवडे तेथे होते, डार्विन चार बेटांवर उतरला, पण फिंच त्याला त्या वेळी फारसे महत्त्वाचे वाटले नव्हते आणि कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा याची नोंदही त्याने नीट ठेवली नव्हती. बेटागणिक फरक त्याला आधी जाणवला तो मॉकिंगबर्डमध्ये, आणि फिंचांची गुंतागुंत लंडनमध्ये 1837 साली जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने उलगडून दाखवली. चोचींची खरी कथा त्यानंतर जवळजवळ दीड शतकाने लिहिली गेली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून डॅफ्नी मेजर या छोट्याशा बेटावर फिंचांची पिढ्यान्‌पिढ्या मोजणी केली, आणि 1977 च्या दुष्काळात मऊ बिया संपल्यावर मोठ्या चोचीचे पक्षी अधिक संख्येने तगून पुढच्या पिढीची सरासरी चोच मोठी झाली, हे आकड्यांनी दाखवून दिले. नैसर्गिक निवड लाखो वर्षे लागणारी, डोळ्यांना न दिसणारी क्रिया आहे, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

मात्र जे प्राणी भीत नाहीत त्यांना पकडणे सोपे असते, आणि गालापागोसच्या इतिहासाचा मोठा भाग या एका वाक्यात येतो. पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा 1535 मध्ये भरकटत येथे पोहोचल्यानंतर चाचे आणि पुढे व्हेल मारणारी जहाजे यांनी महाकाय कासवे हा ताज्या मांसाचा साठा मानला, कारण ती जहाजाच्या तळघरात अन्नपाण्यावाचून महिनोन् महिने जिवंत राहत. अशी एक लाखाहून अधिक कासवे नेली गेली असा अंदाज आहे. बीगलवरील खलाशीही याला अपवाद नव्हते. पिंता बेटावरचा अखेरचा नर, ज्याला जगाने लोन्सम जॉर्ज म्हणून ओळखले, 24 जून 2012 रोजी मेला आणि त्याच्यासोबत तो वंश संपला. एस्पान्योलाची कहाणी उलटी आहे: तेथे अवघी 14 कासवे उरली असताना ती प्रजनन केंद्रात आणली गेली, अमेरिकेतील सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून एक नर मिळवला गेला, आणि दोन हजारांच्या आसपास संतती त्या बेटावर परतल्यानंतर 2020 मध्ये मूळचे जनकही तेथे सोडण्यात आले. माणसाने सोडलेल्या शेळ्यांनी कासवांचे अन्न फस्त केले होते, म्हणून उत्तर इसाबेला आणि सँतियागो येथून दीड लाखांहून अधिक शेळ्या 2006 पर्यंत हटवल्या गेल्या; कळपाचा माग काढण्यासाठी गळ्यात रेडिओ बांधलेल्या शेळ्यांचा उपयोग करण्यात आला, कारण शेळी एकटी राहत नाही.

वनस्पतींच्या बाबतीत असे यश अद्याप आलेले नाही. पेरू, जो आपल्याकडे परसातला आवडता, तेथे डोंगराळ भागात रान माजवतो. आणि सांता क्रूझवरील स्केलेशिया या केवळ याच द्वीपसमूहात वाढणाऱ्या वृक्षांच्या जंगलात ज्या काटेरी झुडपाने शिरकाव केला आहे, ते मूळचे आशियातले, भारताच्या डोंगरांतही आपसूक वाढणारे आणि म्हैसूर रास्पबेरी या नावाने ओळखले जाणारे आहे.

येथेच यॉटच्या शिस्तीची मर्यादा दिसते. पायवाटेवरच्या प्रवाशाचे पाऊल मोजूनमापून पडते, पण त्याच्यासाठी लागणारे धान्य, भाजी, बांधकामाचे साहित्य आणि इंधन मुख्य भूमीवरून मालवाहू जहाजांनी येते, आणि त्या मालासोबत कीटक, बिया व रोगजंतू येतात. जानेवारी 2001 मध्ये सान क्रिस्तोबालजवळ खडकावर अडकलेल्या जेसिका या टँकरमध्ये बेटांसाठीचे डिझेल आणि एका पर्यटक जहाजासाठीचे जड इंधन होते; गळती वाऱ्या-प्रवाहांमुळे मोकळ्या समुद्राकडे गेल्याने अनर्थ टळला असे सुरुवातीला वाटले, परंतु पुढच्या वर्षभरात सांता फे बेटावरील समुद्री इग्वानांपैकी सुमारे 60 टक्के मरण पावल्याचे संशोधकांना आढळले. युनेस्कोने 1978 मध्ये जागतिक वारसा ठरवलेली ही बेटे 2007 ते 2010 या काळात धोक्यातील वारशाच्या यादीत होती, ती परकीय जीव, वाढते पर्यटन व वाढती वस्ती यांमुळे. नौकांचे परवाने मर्यादित असल्याने त्यांवरील प्रवाशांची संख्या फारशी वाढू शकत नाही, आणि अलीकडची वाढ मुख्यतः वस्तीच्या बेटांवरील हॉटेलांत उतरून दिवसभराच्या होडीसफरी करणाऱ्यांची आहे. 2023 मध्ये एकूण पर्यटक तीन लाखांच्या पुढे गेले, तर तेथील कायम वस्ती तीस हजारांच्याही आतली आहे. मुक्कामी पर्यटनाचा पैसा स्थानिकांच्या हाती अधिक थेट पडतो, म्हणून ते सरसकट नाकारणे अन्यायाचे होईल, पण त्याला पाणी, सांडपाणी आणि जागा लागते, आणि नौकांसारखी ठरावीक खाटांची कमाल मर्यादा त्याला लावणे राजकीयदृष्ट्या कठीण आहे. ऑगस्ट 2024 पासून बहुतेक प्रौढ परदेशी प्रवाशांचे प्रवेशशुल्क 100 वरून 200 डॉलर करण्यात आले. 1998 नंतरची ही पहिलीच वाढ असली, तरी आठवड्याच्या यॉटसफरीसाठी काही हजार डॉलर मोजणाऱ्याला ती जाणवणारही नाही. जाणवलीच तर ती स्वस्तातल्या खोलीत उतरणाऱ्यालाच.