ताशी दर किती, हे शेवटी विचारा

एडमंटन : कॅनडाच्या या अल्बर्टा प्रांतात गाड्यांच्या मागे एक स्टिकर फार गाजलं होतं. मथितार्थ असा की, देवा, तेलाची आणखी एक तेजी येऊ दे, या खेपेला सगळा पैसा उधळणार नाही. १९८०च्या दशकातल्या मंदीतलं हे स्टिकर, पण पुढच्या प्रत्येक मंदीत लोकांना ते आठवतं. १३ फेब्रुवारी १९४७ रोजी एडमंटनच्या दक्षिणेला लेड्यूकजवळ तेल लागलं आणि हा शेतकऱ्यांचा प्रांत तेलाचा झाला. तेव्हापासून इथल्या वेल्डरचं घर तेलाच्या भावावर चालतं. जून २०१४मध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६च्या सुरुवातीला तिसाच्या खाली आला, तेव्हा नव्याकोऱ्या पिकअप गाड्या रांगेने विकायला निघाल्या होत्या.

सध्याची गोष्ट जरा वेगळी आहे. तेलाचं उत्पादन भरपूर आहे, २०२४मध्ये तर ते विक्रमी होतं. तरी वेल्डर म्हणतात, काम पातळ झालंय. कारण साधं आहे. तेल काढायला वेल्डर फारसा लागत नाही, तो लागतो बांधायला. कोस्टल गॅसलिंक ही वायूची नळी २०२३मध्ये बांधून झाली. ट्रान्स माउंटनची वाढीव तेलवाहिनी १ मे २०२४ला सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यावरच्या किटिमॅटच्या द्रवरूप वायूच्या प्रकल्पातून २०२५च्या मध्यावर पहिलं जहाज निघालं. ही कामं संपली, तसे त्यांवरचे कारागीर मोकळे झाले. शिवाय किटिमॅटच्या कारखान्याचे अजस्र भाग चीनमध्ये जोडून जहाजाने आले होते; त्याआधी कर्लच्या तेलवाळू प्रकल्पाचे तयार भाग कोरियातून आणले गेले. म्हणजे वेल्डिंगचं कामसुद्धा आता आयात होतं.

जे काम उरतं, त्याला ऋतू आहेत. हिवाळ्यात दलदल गोठून टणक होते, तेव्हाच तिच्यावरून अवजड यंत्रं नेता येतात, म्हणून पाइपलाइनचा आणि विहिरींचा हंगाम ऐन उणे तीस अंशांत. वसंतात बर्फ वितळून रस्ते खचायला लागले की अवजड वाहतुकीवर बंधनं येतात आणि तेलक्षेत्रावरची कामं ठप्प होतात. त्याच सुमारास मोठे कारखाने दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. त्याला इथे शटडाउन किंवा टर्नअराउंड म्हणतात. वसंतात एक हंगाम, शरदात दुसरा. त्या काही आठवड्यांत दहा-बारा तासांच्या पाळ्या असतात आणि ओव्हरटाइम दाबून मिळतो. मग पुन्हा शांतता. फोर्ट मॅकमरे इथून साडेचारशे किलोमीटरवर. तिथे कंपनीच्या कॅम्पात चौदा दिवस काम आणि सात दिवस घर, असा क्रम चालतो.

म्हणून इथे मुरलेला वेल्डर ताशी दर शेवटी विचारतो. आधी विचारतो, वर्षाला तास किती? हिशेब करून बघा. ताशी ५० डॉलर, पण वर्षाकाठी ९०० तासच काम मिळालं तर हातात ४५,००० डॉलर. एडमंटनजवळच्या निस्कूतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ताशी ३६ डॉलरने २,००० तास भरले तर ७२,०००. शिवाय रोज रात्री घरी. फेसबुकवर आकडा मिरवतो पन्नासवाला, घराचे हप्ते वेळेवर भरतो छत्तीसवाला.

दर ठरतो तो कागदावर, आणि कॅनडात हा कागद प्रांताप्रांतात बदलतो. ओंटारियोत परवाना नसतानाही वेल्डिंग करता येतं; अल्बर्टात मात्र हा सक्तीच्या नोंदणीचा धंदा. एकतर शिकाऊ म्हणून नाव नोंदवा, नाहीतर पूर्ण कारागीर असल्याचं प्रमाणपत्र दाखवा. शिकाऊ उमेदवारी तीन वर्षांची. वर्षातले काही आठवडे वर्गात, बाकी काळ प्रत्यक्ष कामावर. शिकाऊ मुलाला कारागिराच्या दराचा ठरावीक टक्का द्यावाच लागतो आणि तो वर्षागणिक वाढतो. वर ‘रेड सील’चा शिक्का बसला की ते प्रमाणपत्र देशभर चालतं. बाष्पक आणि दाबाच्या नळ्यांसाठी ‘बी प्रेशर’ हे आणखी वेगळं तिकीट लागतं. खरा पैसा तिथे आहे.

आपल्याकडचा आयटीआयचा एक वर्षाचा वेल्डर ट्रेड इथे थेट चालत नाही. कामाच्या तासांचा पुरावा द्यावा लागतो, मग परीक्षा. भोसरीत सात-आठ वर्षं फॅब्रिकेशन केलेल्या एका मुलाची चाचणी मी निस्कूत बघितली. पंचेचाळीस अंशांत तिरपा जखडलेला पाइप. त्याला ‘सिक्स जी’ म्हणतात. पाइप जागचा हलवायचा नाही, माणसाने त्याच्याभोवती फिरायचं. त्याने कडा घासल्या, एक बारीक रॉड वाकवून दोन तुकड्यांमधली फट सारखी केली, चार टाके मारले. मग ६०१० रॉडने रूट, म्हणजे तळाचा पहिला थर. खालच्या बाजूला, जिथे मान वाकडी करून बघावं लागतं, तिथे तो थांबला, ग्राइंडर लावला आणि सुरुवात पुन्हा धरली. वर ७०१८चे थर. परीक्षक आधी वरचा थर डोळ्यांनी तपासतो. पट्ट्या कापून वाकवल्या आणि जोड उकलला नाही, की पास. हा मुलगा पास झाला. हात त्याचा आधीही तेवढाच चांगला होता, पण कागद नव्हता तोवर त्याला हेल्परचाच दर मिळत होता.

मंदीत काम देणारा आणखी एक वाट दाखवतो : नोकर म्हणून नको, स्वतःची कंपनी काढ आणि मला बिल पाठव. पिकअपवर स्वतःचं मशीन घेऊन फिरणाऱ्या रिग वेल्डरची ही जुनीच पद्धत. त्याला हातांचा दर वेगळा आणि गाडीचा वेगळा मिळतो. पण शॉपमध्ये मालकाच्याच मशीनवर काम करणाऱ्याला असा ‘कंत्राटदार’ केला की मालकाची चंगळ होते. अल्बर्टाच्या कायद्याने दिवसाला ८ किंवा आठवड्याला ४४ तासांपुढे दीडपट मजुरी आहे. कंत्राटदाराला ती नाही. काम सुटल्यावर नोकराला विम्यातून पगाराच्या सुमारे ५५ टक्के, तेही मर्यादेपर्यंत, मिळतात. कंत्राटदाराला तेही नाही. बिल थकलं तर मात्र ऑगस्ट २०२२पासून लागू झालेला कायदा कामी येतो. बांधकामात बिल मिळाल्यापासून २८ दिवसांत प्रकल्पाच्या मालकाने मुख्य कंत्राटदाराला पैसे द्यायचे आणि त्याने पुढच्या ७ दिवसांत खालच्याला. तारीख घातलेलं पक्कं बिल हवं, तोंडी हिशेब कोणी ऐकत नाही.

दुसरी वाट युनियनची. पाइपफिटर आणि बॉयलरमेकरांच्या युनियनच्या कार्यालयात बेकारांची यादी असते. कंपनी माणसं मागते, यादीतून नावं जातात. दर करारात ठरलेला, घासाघीस नाही. मंदीत यादी लांबते, पण लांबलेल्या यादीतला शेवटचा माणूसही पाच डॉलर कमी घेऊन पुढे घुसत नाही. बिगर युनियन शॉपमध्ये नेमकं तेच होतं. तेल पडलं की तेलकंपन्या कंत्राटदारांकडे दरकपात मागतात, कंत्राटदार ती कामगारावर ढकलतो आणि रिकामा बसलेला कोणी ना कोणी ती मान्य करतो. तेल वर गेलं तरी तो दर आपसूक वर येत नाही, तो पुन्हा भांडून मिळवावा लागतो.

महाराष्ट्रातल्या ज्या मुलांना ‘कॅनडात वेल्डर पाहिजेत’ म्हणून एजंटांचे फोन येतात, त्यांच्यासाठी एवढंच. अल्बर्टात नोकरी लावून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. जो लाखांत मागतो, त्याचा धंदा तुम्ही आहात, वेल्डिंग नाही. नेमणुकीच्या पत्रात तास, ओव्हरटाइम, कॅम्पाचा आणि प्रवासाचा खर्च कोणाचा, आणि तुम्ही नोकर की कंत्राटदार हे लिहून घ्या. निघण्याआधी जुन्या मालकांकडून कामाच्या तासांची पत्रं घ्या, इथून ती मिळवताना नाकी नऊ येतात. आणि इथे पोचल्यावर काम हवं म्हणून चालू दराखाली जाऊ नका. तो दर फक्त तुमचा राहत नाही, पुढच्या वेल्डरला मालक तोच दाखवतो.